हार घातलेला मायक्रोस्कोप

खंडेनवमीला भाचीच्या शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेतल्या टेबलावर पूजेसाठी मायक्रोस्कोप मांडला होता. त्याला झेंडूचा हार होता, आणि जिथे डोळा लावायचा नेमकं त्याच काचेवर कुणीतरी हळदीकुंकवाचं बोट टेकवलं होतं.

अवजारांची पूजा मला कळते. आमच्या घरीही आज आईच्या शिलाई मशीनला हार घातला होता. पण ते मशीन वर्षभर राबलेलं असतं. या मायक्रोस्कोपच्या बुडाचं प्लास्टिकसुद्धा अजून कुणी काढलेलं नव्हतं. वापरायचं नाही, विचारायचं नाही, नुसतं ओवाळायचं. ज्ञानाचं आपण हेच करत आलोय, आणि वर त्याला आदर म्हणतो. शिसारी येते या आदराची.

भाचीनं विज्ञानाच्या सरांना विचारलं, "सर, यातून कांद्याची साल बघू?"

"आज पूजेला मांडलाय ना? हात लावायचा नाही."

"मग उद्या?"

"उद्या कपाटात जाईल. महागाचा आहे तो."

मग बाकीच्या मुलींसारखे तिनंही मायक्रोस्कोपला हात जोडले.

"शाबास!" सर म्हणाले.