विल्फचे नऊ नट

विल्फ सग्डनला खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे उकळत्या किटलीचं झाकण हाताने दाबून धरण्यासारखं होतं. ते काम त्या शनिवारी ईनिडने अंगावर घेतलं होतं, आणि वर मॉरिस गाडीच्या इंजिनाचं हेडही तीच उतरवणार होती.

खुर्ची स्वयंपाकघरातली होती. तिच्यावर दोन उशा, गुडघ्यांवर चौकड्यांची शाल, मांडीवर गाडीचं तेलकट पुस्तक. बिंग्लीतल्या त्या अरुंद गॅरेजमध्ये ती खुर्ची अशा हिशेबाने मांडली होती की विल्फला इंजिन पूर्ण दिसावं, पण हात कुठेच पोचू नये. अंतर ईनिडने शिवणाच्या फितीने मोजलं होतं.

"हे जरा अतीच होतंय," विल्फ म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही."

"किती आठवडे?"

"सहा. पण पाना किटलीपेक्षा हलका असतो, ईनिड."

"पाना हलका असतो. तू ओढतोस तो नट जड असतो. बस."

विल्फ बसला. म्हणजे शरीराचा मधला भाग खुर्चीवर राहिला, बाकीचा विल्फ चालूच होता. उजवा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. बोटं पुस्तकाचे कोपरे दुमडत होती, सरळ करत होती, पुन्हा दुमडत होती. चाळीस वर्षं लोकरीच्या गिरणीत त्याने माग दुरुस्त केले होते. तिथे दोनशे माग एकदम खडखडत, आणि त्या गदारोळातून कुठला माग कुरकुरतोय हे त्याला उंबऱ्यावरूनच कळे. निवृत्त झाल्यावर घरातली शांतता त्याला सोसवेना. मग त्याने घड्याळं खोलली, शेजाऱ्यांची गवत कापायची यंत्रं खोलली, चर्चचा ऑर्गन खोलायला निघाला होता, तेव्हा पाद्रीबाबांनी हात जोडून परत पाठवलं. शेवटी सगळी खाज त्या हिरव्या मॉरिस मायनरवर येऊन स्थिरावली. एकतीस वर्षांत त्या गाडीच्या इंजिनाला विल्फखेरीज कुणाचा हात लागला नव्हता.

आणि आज लागत होता. बघणाऱ्याला वाटलं असतं, याची तगमग त्यासाठीच आहे. ईनिडलाही तसंच वाटत होतं. खरं कारण निराळं होतं, आणि ते फक्त विल्फला माहीत होतं.

मे महिन्यात त्याने या इंजिनाचं गॅस्केट बदललं होतं. गॅस्केट म्हणजे खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्या मधला पातळ पत्रा. नऊ नट त्याला दाबून धरतात. नवं गॅस्केट बसवलं की गाडी तीनशे मैल चालवायची आणि ते नऊही नट पुन्हा एकदा आवळायचे, असं पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं आहे. जूनमधल्या एका रविवारी विल्फ नेमक्या जोराने नट आवळायचा टॉर्क पाना घेऊन त्याच कामाला निघालाही होता. वाटेत कुंपणापाशी शेजारचा क्लेम होल्रॉइड भेटला. त्याने चूक केली आणि विचारलं, "हातात काय आहे?" विल्फने त्याला दुसऱ्यांदा आवळण्याचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. धातू कसा तापतो, पत्रा कसा दबतो, आळशी लोक इथेच कसे फसतात, हे सगळं दीड तास चाललं. मग पाऊस आला, चहा झाला, आणि विल्फ इतका समाधानाने झोपला की नट आवळून झाले असंच त्याच्या मनाने धरलं. वहीत तारखेसह नोंदसुद्धा केली.

सप्टेंबरात ईनिड बहिणीकडे, म्यूरिएलकडे, हॉवर्थला निघाली होती. चढावर गाडीने वाफ सोडली. तेलात पाणी, पाण्यात तेल. विल्फने बॉनेट उघडून बघितलं आणि तिथेच निकाल दिला, "चोक ओढलेला ठेवलास. वरच्या गिअरमध्ये रेटत नेलीस. गॅस्केट जाळलंस." पुढच्या रविवारी चर्चच्या चहाला हाच निकाल त्याने पाच टेबलांवर ऐकवला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, चौथ्या खेपेला परीक्षा पास होऊन ती गाडी चालवायला शिकली होती. तिने आपली किल्ली खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. तेव्हापासून मांडीवर टार्टचा डबा घेऊन ती दोन बस बदलून म्यूरिएलकडे जाऊ लागली.

बंद पडलेली गाडी गॅरेजात ढकलताना विल्फला हर्निया झाला आणि ऑपरेशन करावं लागलं. इस्पितळात दुसऱ्या दिवशी, छताकडे बघण्यावाचून काही काम नसताना, त्याला ती जूनची दुपार आठवली. पाऊस आठवला, चहा आठवला. नट आवळल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

घरी आल्यावर तो म्हणाला होता, गाडी राहू दे, बरा झालो की मीच बघेन. ईनिड म्हणाली, "मी बिघडवली, मीच खोलते. तू तोंडाने सांग. तोंडाला काही डॉक्टरांनी बंदी केलेली नाही."

आता ती ओव्हरऑल चढवून उभी होती. ओव्हरऑल विल्फचा, म्हणून बाह्या तीन वेळा दुमडलेल्या. पाणी काढून झालं होतं, वरचे पाइप सुटले होते, कार्बुरेटर वर्तमानपत्रावर झोपला होता. रॉकर, म्हणजे झडपा दाबणारी वरची दांडी, उतरवायच्या आधी ते नऊ नट सोडवायचे होते. घट्ट बसलेला नट सुटताना कडाका काढतो, लांब दांडा लावून अंग टाकावं लागतं. ढिला नट गुपचूप सुटतो. पाना फिरला रे फिरला की सगळं बाहेर पडणार होतं.

"ईनिड, एक काम कर. पहिल्यांदा फक्त मी हलवून बघतो. एकच. दोन बोटांनी."

"बस."

"क्रम चुकला तर हेड वाकतं!"

"क्रम तू सकाळपासून चार वेळा सांगितलास. मधून बाहेर, थोडा थोडा, सगळे सारखे. मी शाळेच्या खानावळीत तीनशे पोरांना कस्टर्ड वाढलंय, विल्फ. थोडं थोडं आणि सगळ्यांना सारखं, हे मला तू शिकवू नकोस."

तेवढ्यात क्लेम दारात उगवला, हातात चहाचा मग. "मी मध्ये पडणार नाही," तो म्हणाला. हे वाक्य तो मध्ये पडायच्या आधी नेहमी म्हणे. "फक्त बघतो. नट सुटताना आवाज मोठा येईल ना?"

"येईल," ईनिड म्हणाली. "विल्फ म्हणतो बंदुकीसारखा."

विल्फचा गुडघा थांबला. आता दुसरा हलू लागला.

ईनिडने लांब दांड्याचा पाना पहिल्या नटावर बसवला, पाय रोवले, श्वास घेतला आणि जोर लावला. पाना लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. ती तोल जाऊन मडगार्डवर आपटता आपटता वाचली.

"अगं बाई! एवढंच?"

विल्फला स्वतःचं हृदय ऐकू येत होतं, आणि त्याच्या अनुभवी कानाला त्याचं टायमिंग चुकलेलं वाटत होतं.

दुसरा नट. तिसरा. सगळे तसेच, मऊ. पाचव्याला तर तिने एका हाताने पाना लावला आणि दुसऱ्या हाताने बिस्किट खाल्लं.

"विल्फ," ती वळून म्हणाली. विल्फने डोळे मिटले. "तू म्हणालास तसं तीन रात्री तेल सोडलं मी यांच्यावर. काय जादू केली रे त्याने!"

विल्फने एक डोळा उघडला.

"तेल!" क्लेम म्हणाला. "अरे, हे नट दोनदा आवळलेले आहेत. मला माहीत आहे, दीड तास ऐकलंय मी त्याबद्दल. आणि तरी बघ कसे सुटतायत! डब्यावर नाव काय आहे? सोमवारी क्लबात सांगतो सगळ्यांना."

तो बंडीच्या खिशात पेन्सिल शोधू लागला. विल्फच्या हातात सुटकेचं दार कुणीतरी आणून दिलं होतं, बिजागऱ्यांना तेलसुद्धा घातलेलं. फक्त "हो" म्हणायचं होतं. तो "हं" म्हणाला.

कुठल्याही माणसाला यानंतर बरं वाटलं असतं. विल्फला खुर्ची टोचू लागली. त्याने उशी बदलली, शाल काढली, पुन्हा घेतली. ईनिड रॉकर उचलून बाजूला ठेवत होती. मग तिने रॉकरखालच्या आठ सळया एकेक करून वर ओढल्या, हलकेच पिळून, खालचं काही सोबत येऊ नये म्हणून. बुटांच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडून आकडे घातले होते, त्यांत ती ओळीने खोवत गेली. त्याने स्वतः इतकं नीट कधी केलं नव्हतं. तो नेहमी सातवी आणि आठवी हातात धरून विचार करत बसे.

"टोमॅटोची रोपं लावल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "आता?"

"आता हेड. चिकटलं असेल. फटीत काही घालू नकोस, चरा पडेल. प्लग परत बसव आणि पुढून हँडल मार. आतली हवाच त्याला उचलेल."

तिने हँडल लावलं. क्लेमने सवयीने पाऊल पुढे टाकलं आणि तसंच मागे घेतलं. दुसऱ्याच्या इंजिनाला बोलावल्याशिवाय हात लावायचा नाही, ही तिथली रीत. दुसऱ्याच फेऱ्याला फस्स आवाज झाला आणि हेड केसभर वर आलं. कस्टर्डचं पातेलं उचलायच्या सवयीने ईनिडने ते दोन्ही हातांनी सरळ उचललं आणि बाकावर ठेवलं.

ठोकळ्यावर गॅस्केट उघडं पडलं होतं. मधल्या दोन सिलिंडरांच्या बेचक्यात, बोटाएवढ्या रुंदीवर, ते जळून काळं ठिक्कर पडलं होतं.

ईनिड वाकून बघत राहिली. मग करंगळीने तिथली काजळी पुसली.

"इथे होय," ती हळू आवाजात म्हणाली. "एवढीशी जागा. मला वाटलं होतं तू उगाच मोठं करून सांगतोयस. खरंच जाळलं मी." तिने बोट ओव्हरऑलला पुसलं. "बरं झालं दिसलं. नीट जोडून देते तुला, विल्फ. पण चालवायला मला पुन्हा सांगू नकोस. बस बरी आहे. म्यूरिएलच्या दारातच थांबते."

बस म्यूरिएलच्या दारात थांबत नव्हती. टेकडीच्या पायथ्याशी थांबत होती आणि पुढे पाऊण मैल चढ होता. हे विल्फला माहीत होतं, क्लेमला माहीत होतं, आणि बसवाल्यालाही माहीत असावं.

विल्फ उभा राहिला.

"बस!" ईनिड म्हणाली.

"नाही बसत. ते तू नाही जाळलंस."

"काय?"

"मी जाळलं. नट दुसऱ्यांदा आवळलेच नाहीत मी. जूनमध्ये. याला सांगत बसलो आणि राहिलं. तेल-बिल काही नाही, ते ढिलेच होते. कुणीही चालवायला बसलं असतं तरी ते चढावर गेलंच असतं."

क्लेमने मगात बघितलं. तो काठोकाठ भरला होता. "माझा चहा संपला वाटतं," तो म्हणाला आणि कुंपणाकडे इतक्या घाईने निघाला की अर्धा चहा त्याच्या चपलांवर गेला.

ईनिडने पाना उचलून बाकावर ठेवला. अगदी हळू ठेवला, आणि विल्फला ते आवडलं नाही.

"कधीपासून माहीत आहे?"

"इस्पितळात. दुसऱ्या दिवशी आठवलं."

"आज किती दिवस झाले?"

"तेवीस." एवढं बोलून त्याला वाटलं, कमी सांगायला हवे होते.

"तेवीस दिवस मी तुला उशीला टेकवून सूप पाजतेय."

"छान होतं सूप."

"विल्फ."

"हो."

"वहीत लिहिलंयस नट आवळले म्हणून. मी वाचलंय. तारीख घातलीयस."

"लिहिताना मला खरंच वाटत होतं, ईनिड. शपथेवर. इतकं चांगलं समजावलं होतं मी क्लेमला."

तिच्या गालात काहीतरी हललं, पण ते हसू होतं की शिवी, हे तिने ठरू दिलं नाही. तिने पितळी पट्टी उचलली आणि ठोकळ्यावर चिकटलेला गॅस्केटचा तुकडा खरवडायला घेतला. खर्र, खर्र.

"पुस्तकात पुढे काय आहे? वाच."

त्याने चष्मा शोधला. तो कपाळावरच होता. "दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करावेत. नवं गॅस्केट बसवावं. नट क्रमाने आवळावेत. तीनशे मैलांनंतर..." तो अडखळला. "पुन्हा आवळावेत."

"ते तीनशे मैल कुणी चालवायचे, हे लिहिलंय?"

"नाही."

"मी चालवणार. हॉवर्थला जाऊन यायला किती होतात?"

"सोळा. सतरा धर. अठरा खेपा होतील."

"होऊ देत. तू मागच्या सीटवर बसायचं. आणि चोकबद्दल एक अक्षर काढायचं नाही." खर्र, खर्र. "आता कुंपणाशी जा आणि क्लेमला सांग."

"तो इथेच होता की! सगळं ऐकलंय त्याने."

"त्याने ऐकलं नाही असं दाखवलंय. तू पाच टेबलांवर सांगितलं होतंस. पहिलं टेबल क्लेमचं समज, उरलेली उद्या चर्चमध्ये."

विल्फ पोट सांभाळत कुंपणापाशी गेला. पलीकडे क्लेम पाठमोरा, ओल्या चपलांनिशी उभा होता आणि कोबीच्या एका गड्ड्याकडे टक लावून बघत होता.

"क्लेम."

"मी काही ऐकलेलं नाही हं!"

"म्हणूनच सांगतोय. ते नट..."

मागे खरवडण्याचा आवाज थांबला. विल्फने माग दुरुस्त केले होते, आवाज कुठे थांबतो आणि का, हे त्याला पाठीमागूनही कळत होतं. त्याने घसा साफ केला.

"ते नट मी दुसऱ्यांदा आवळलेच नव्हते. तुला दीड तास पिडलं आणि स्वतः विसरलो. ईनिडने काही जाळलं नाही. ती नीटच चालवत होती."

क्लेमने कोबीला मान डोलावली. "बरं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "नीटच चालवते ती. मी बसलोय तिच्याबरोबर."

"हो," विल्फ म्हणाला. "माझ्यापेक्षा नीट."

हे शेवटचं त्याला कुणी सांगायला लावलं नव्हतं. मग गॅरेजातून पुन्हा खर्र, खर्र सुरू झालं, पहिल्यापेक्षा जरा भरभर.