जावयाची खूण

माझा जावई पाणीखात्यात कारकून, आणि घरचा नळ गळका. लेक बोलून बोलून दमली. हा आपला मान हलवायचा, कानावरची पेन्सिल काढायचा आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायचा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते; इथे लिहिताना मात्र तो माझा मुलगाच.

एक लेखक होऊन गेला, पुढच्या काळातली यंत्रं आणि दूरच्या ताऱ्यांवरची माणसं यांच्या गोष्टी लिहिणारा. त्याच्या सगळ्या लिखाणाची चिकित्सा करणारं पुस्तक जावई लिहीत होता. मी चार बुकं शिकलेली. तरी सुटीच्या दुपारी मी वाटाणे सोलायला बसले की तो एखादी गोष्ट मला वाचून दाखवायचा. म्हणायचा, आई, तुम्हाला जिथे जांभई येते तिथे लेखक चुकलेला असतो. आता हे कौतुक की टोमणा, देव जाणे.

त्या लेखकाच्या बऱ्याच गोष्टींत एकच प्रकार. माणूस दूर जातो आणि त्याच्या जागी दुसराच परत येतो. तेच नाक, तोच आवाज, त्याच आठवणी. घरच्यांना पत्ता नाही. आलेल्यालाही ठाऊक नसतं की आपण तो नव्हे. जावयाला हे पटेना. घरचं माणूस ओळखल्याशिवाय राहील का, लेखक इथेच कच्चा, असं त्याचं म्हणणं. शेवटचं प्रकरण त्यावरच होतं.

लेखकाचं घर बरीच वर्षं बंद होतं. तिथले कागद बघायला, काही दिवस तिथेच राहायला जावई निघाला. निघायच्या चार दिवस आधी मला बाजूला घेऊन म्हणाला, आपल्या दोघांत एक खूण ठरवू. मी परत आलो की तुम्ही विचारायचं, वाटेत ऊन होतं का? मी काही न बोलता दाराची चौकट दोनदा वाजवीन. लेकीलाही सांगायचं नाही. मला हसू आलं, पण हो म्हटलं.

परतला त्या संध्याकाळी मी दारातच विचारलं. त्याने काही न बोलता चौकट दोनदा वाजवली. माझा जीव भांड्यात पडला. मग पिशवी ठेवून तो सरळ आत गेला आणि कुणी न सांगता नळ दुरुस्त केला.

लेक हरखली. मला मात्र ती टपटप थांबल्यावर घर परक्याचं वाटायला लागलं.

पुस्तक छापून आलं. लेकीने कौतुकाने शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं आणि माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. आमची खूण त्यात होती. ऊन, चौकट, सगळं. मेली चिकित्सकाची खोड, दाखला दिल्याशिवाय राहवत नाही! आणि ते प्रकरण त्याने जायच्या आधीच लिहून सोबत नेलं होतं. त्या बंद घरात जो कोणी असेल, त्याने ते वाचलेलं असणार.

लेक आत गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. चेहरा उतरलेला.

"आई, खूण मला आठवते. पण आपण ठरवली ते आठवतं, की कागदावर वाचली ते, हेच कळत नाही. मी तोच आहे ना?"

आत लेक गुणगुणत होती. नळ गप्प.

"तुम्हीच," मी म्हटलं. "जावई काय बदलून मिळतो? मिळत असता तर मी केव्हाच बदलून आणला असता."

तो हसला. गेलेला आणि आलेला, हसताना दोघेही अगदी सारखे दिसतात.