केडगावच्या हवेवर लावलेलं शून्य

रांजणगावच्या एका लहानशा कारखान्यात आम्ही विमानातली हवा तपासायच्या पेट्या बनवतो. तळहातावर मावेल एवढीच पेटी. इंजिनातल्या तेलाची वाफ कधीकधी आत, प्रवाशांच्या हवेत उतरते. वैमानिकाला गरगरायच्या आत पेटीनं लाल दिवा लावून बोंबललं पाहिजे, एवढंच तिचं काम. पण त्याआधी स्वच्छ हवा म्हणजे काय, ते तिला शिकवावं लागतं. शुद्ध हवेच्या सिलिंडरला जोडायची आणि सांगायचं, हे तुझं शून्य.

गेल्या हिवाळ्यात नेमकं सिलिंडर संपलं. नवं सोमवारी येणार होतं आणि गिऱ्हाईक मंगळवारी. मी पडले उतावळी. म्हटलं, सिलिंडर कशाला पाहिजे, केडगावला मामांचा ऊस उभा आहे. गावाकडची हवा म्हणजे शुद्ध, हे आम्हाला बाळकडूसारखं पाजलेलं. रविवारी दोन पेट्या पिशवीत घातल्या आणि स्कूटी काढली.

मला वाढवलं, शिकवलं ते मामांनीच. त्यांचं गुऱ्हाळ उसाला लागूनच. दोन वर्षं त्यांना खोकला होता आणि दोन वर्षं ते "सर्दी हाय" म्हणत होते. मीही ऐकून सोडून देत होते, सांगायला लाज वाटते. बांधावर पेट्या मांडल्या तर मामा खूश. "घे की लागंल तेवढी हवा. हितं कोन इचारतंय." गुऱ्हाळाचा धूर डोक्यावरून जात होता. पण मी त्यातच वाढलेली, मला त्याचा वास कधी येतच नाही.

सोमवारी सिलिंडर आलं. पेट्या जोडून बघितल्या तर आकडा शून्याच्याही खाली. आधी वाटलं, वायर सुटली. आमचे साहेब शांतपणे म्हणाले, "शून्य कुठं लावलंत?" मी सांगितलं.

"म्हणजे तुमच्या गावच्या धुरालाच या पेट्या स्वच्छ हवा समजून बसल्यात. विमानात गेल्या असत्या तर धूर असूनही गप्प राहिल्या असत्या."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मला मामांचा खोकला आठवला.

पेट्या सिलिंडरवर नीट लावून दिल्या, त्यातली एक साहेबांकडून रात्रीपुरती मागून घेतली आणि शिफ्ट सुटल्यावर परत केडगाव गाठलं. गुऱ्हाळाच्या आवारात शिरतानाच लाल दिवा. काहिलीखालच्या भट्टीपाशी, चुलवाणापाशी, तर पेटी नुसती किंचाळायला लागली. तिथं मामा बसले होते, शेजारी जुन्या चपला-बुटांचा ढीग. चिपाडं ओली असली की तेच जाळायचे. तो ढीग मी इतकी वर्षं बघत आले होते.

माझं डोकं फिरलं. "मामा, हे रोज छातीत घेता तुम्ही? आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला. आणि उद्यापासून इथं बसायचं नाही."

"बंद कर ते आधी. गिऱ्हाईकं बघत्यात."

मी पेटी बंद केली नाही. मामांना उबळ आली. ती ओसरल्यावर पेटीकडे बघत त्यांनी विचारलं, "इमानात हे वाजलं म्हंजी काय करत्यात?"

"मास्क लावतात. आणि विमान जवळच कुठंतरी खाली उतरवतात."

मामांनी मान हलवली. काहिलीत रस उकळत होता, चार माणसं कामाला लागलेली, उसाची ट्रॉली दारात येऊन थांबली होती.

"आन् मी कुठं उतरू, पोरी?"