सुशीची तूर

शेवटच्या भेटीत सुशीने स्वतःच्या दुखण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. इस्पितळात उशीला टेकून, धाप आवरत तिने एवढंच विचारलं, "दादा, माझ्या तुरीला पाणी कोण घालतंय रे?" परळला संचारबंदी होती, तिच्या प्रयोगशाळेला कुलूप होतं. संचारबंदी उठली की मी स्वतः जातो, असं मी तिला सांगितलं. संचारबंदी उठायच्या आतच सुशी गेली… माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि माझ्या आधी गेली. याला काय म्हणावं, मला अजून कळत नाही.

लहानपणीच्या तापाने तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. डॉक्टरांनी जिने चढू नकोस म्हटलं, तर या बाईने काम धरलं ते गच्चीवरचं! तुरीवर मर नावाचा रोग पडतो. जमिनीतली बुरशी मुळांतून शिरते आणि फुलावर आलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. सुशीला मातीतच एक जिवाणू सापडला होता. तो एक पाचक रस सोडतो, शास्त्रात त्याला विकर म्हणतात, आणि त्या रसाने बुरशीची भिंत विरघळते. कोलंबीचं कवचही त्या भिंतीच्याच द्रव्याचं, म्हणून जिवाणूला त्याची चटक लावायला ती वरळी कोळीवाड्यातून सालं आणून घरी वाळवून कुटायची. आमच्याकडे रोज कोलंबी शिजते, अशा समजुतीने गिरगावातली आमची अख्खी चाळ जळायची. आई म्हणायची, "माशाचा पत्ता नाही, आणि वास मात्र पंगतीचा."

प्रयोगशाळेच्या गच्चीवर तिने रोगट मातीच्या कुंड्यांत तूर लावली. अर्ध्या कुंड्यांत जिवाणू घातले, अर्ध्या तशाच ठेवल्या. तेव्हा सगळी मुंबई संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर होती. मी रोज सभांना जायचो आणि तिला चिडवायचो, की इथे इतिहास घडतोय आणि तू कुंड्या शिंपत बसलीयस. ती शांतपणे म्हणायची, "महाराष्ट्र झाल्यावर लोक वरणभातच खाणार ना, दादा? मग डाळ नको?"

तेरावा झाल्यावर मी परळला गेलो. तिचे सर मला गच्चीवर घेऊन गेले. एकूण एक झाड वाळलं होतं. जिवाणूवालं, बिनजिवाणूवालं, सगळी सारखीच करडी. इतके दिवस पाणीच नव्हतं, तर रोगाने कोण मेलं आणि तहानेने कोण, कसं ओळखायचं? मी तिथेच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. सुशीचं एवढंसं आयुष्य, तेही मातीत गेलं असं वाटलं.

सरांनी चाकू काढला. रोगाने मेलेलं झाड आतून काळवंडतं, असं सांगून त्यांनी बिनजिवाणूच्या कुंडीतलं एक खोड उभं चिरलं. आत काळी रेघ होती. मग जिवाणूच्या कुंडीतलं चिरलं, तर आतून ते स्वच्छ, पांढरं. एकामागून एक सगळी चिरली. सुशीच्या जिवाणूंनी राखलेली झाडं रोगाने मेलीच नव्हती.

त्यातलं एक मी घरी आणलं आणि आईला सगळं समजावलं. तिने ते मांडीवर घेतलं, त्या पांढऱ्या भागावरून बराच वेळ बोट फिरवलं.

"आतून धड होतं रे," ती म्हणाली. "नुसतं पाणी हवं होतं."

ते चिरलेलं खोड आईने फडताळात सुशीच्या फणीशेजारी ठेवलंय. रोज अंघोळ झाली की ती त्या फडताळापाशी जाते, आणि तांब्यातलं थोडं पाणी त्याच्यावर शिंपडते.