शाडूतलं हाड

तात्या गेले ही बातमी मला गडब गावाजवळ एसटीत मिळाली, आणि मी हसलो. फोनवर चुलतभाऊ संदीप होता, आवाज रडवेला. मी म्हटलं, "कोणाची नक्कल करतोस रे? जमत नाय तुला." लोकांचे आवाज काढून खोटे फोन करायचा धंदा पेणमध्ये माझाच. शाळेच्या हेडसरांपासून डेपोतल्या चौकशीवाल्यापर्यंत मी कोणाला सोडलेलं नाय, त्यामुळे दुसऱ्याचं काहीच मला पटकन खरं वाटत नाय. मागून काकूचं रडणं ऐकू आलं... त्याची नक्कल मलाही जमली नसती.

तात्या म्हणजे माझे सख्खे काका. पेणला त्यांचा गणपतीचा कारखाना. त्यांचं आजोळ मात्र रोह्याच्या पुढे, एका तळ्याकाठी. त्या तळ्यात 'मान्या' राहतो असं जुनी माणसं सांगायची. लांब मानेचा, पाण्यात उतरलेली म्हैस ओढून नेणारा. तात्यांनी सात वर्षांचे असताना ती मान बघितली होती. निदान ते तसं सांगायचे. लग्नाला, बारशाला आम्ही मुद्दाम विचारायचो, "तात्या, मान केवढी होती?" ते हात लांब करून दाखवायचे. मान दर वर्षी थोडी वाढायची, आणि आम्ही खिदळायचो.

तीन वर्षांमागे त्या तळ्याचा गाळ काढला. तात्या बघायला गेले आणि गोणीत काहीतरी गुंडाळून रोह्याहून गाडीने घेऊन आले. मला बोलावलं ते आठ-दहा दिवसांनी. कारखान्यातल्या टेबलावर लाल फडकं, त्यावर मणक्याचं हाड, उखळाएवढं, तात्यांच्या मते मान्याच्या मानेचं. गोल, गुळगुळीत, कुठे टवका उडालेला नाय. मला तिथेच बनावटीचा वास आला. कितीतरी वर्षं चिखलात पडलेली वस्तू, आणि गौरीच्या मुखवट्यासारखी नीटनेटकी? ती पण गणपतीवाल्याच्या घरात? मी विचारलं, "याचा साचा कुठे लपवलात?" ते म्हणाले, "लोकांना शेंडी लावायला मी काय तुझ्यासारखा हाय?"

मग त्यांनी कॉलेजातले एक सर आणले. त्या दिवशी तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. सरांनी हाड उलटं-सुलटं केलं, कडेला नख मारलं. नखात शाडू आली. सर हसले, म्हणाले, "मूर्ती छान करता तुम्ही." चहा प्यायले आणि निघाले. तात्या "अहो सर, तेवढंच..." म्हणत दारापर्यंत मागे गेले. मी ते सगळं डोळ्यांत भरून घेतलं आणि त्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर करून दाखवलं. सरांचं नख, तात्यांचं "अहो सर, तेवढंच", सगळं. लोक लोळले. तात्या पहिल्या रांगेत होते, ते पण हसले. पण नंतर मला कारखान्यात ये म्हणाले नाहीत. हाड गोणीत गेलं ते गेलंच.

तेरावं झाल्यावर काकूने आवराआवरीला बोलावलं. फळीखालून गोणी निघाली. मी सवयीने बोललो, "काय गो काकू, किती दिवस लागले हे बनवायला?"

काकू रंगाचे डबे पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "बनवलं कुठे? जेसीबीचा दात लागून एका अंगाने फुटलेलं. तेवढं भरलं त्यांनी."

"मग फुटकंच दाखवायचं ना सरांना."

"अरे, या कारखान्यात खंडित वस्तू कधी कोणासमोर ठेवली हाय का त्यांनी? सर येणार म्हणून आठ दिवस बसून भरलं. वरून सारखा रंग दिला."

तरी मला संशय. काकू झाली तरी त्यांचीच बायको. मी बादली भरली आणि हाड पाण्यात सोडलं, आपण घरचा गणपती सोडतो तसं. सगळी शाडू असेल तर गाळच उरेल. आधी रंग सुटला, मग कड ढासळली. दुपारपर्यंत पाणी राखाडी झालं, काही दिसेना. मला वाटलं, संपलं, मीच बरोबर होतो... आणि खरं सांगतो, तसंच निघावं असं वाटत होतं. स्टेजवरचं सगळं माफ झालं असतं. हात घातला तर मऊ मातीखाली काहीतरी जड लागलं. बाहेर काढलं. काळपट, बारीक छिद्राछिद्रांचं, एका अंगाला जेसीबीचा ओरखडा. नख मारलं, तर नखच दुखलं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, घेऊन या, देवमाशाचं असू शकतं, पूर्वी खाडी तिथवर आली असेल. म्हणजे मान्या नायच, बहुतेक. मग सरांनी विचारलं, "पण तुम्ही ते स्टेजवाले ना? हे खरं आहे ना?" मी खरं आहे म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

पुढच्या आठवड्यात न्यायचंय. तोवर ते त्याच टेबलावर, लाल फडक्यावर ठेवलंय, फुटकी बाजू दाराकडे करून. काकू येता-जाता ती भिंतीकडे वळवते. मी परत दाराकडे वळवतो.