छबूताईची हरवलेली ओळखपत्रं

छबूताई गेल्याचा फोन आला तेव्हा तिचं नवं ओळखपत्र माझ्या हातात होतं. फोटो चिकटवून झाला होता, सही राहिली होती. आठ दिवसांची सुट्टी संपवून बायका त्या दिवशी परत कामावर येणार होत्या. तिची लेक रेश्मा फोनवर एवढंच म्हणाली, "मावशी, आई न्हाई येनार आता..." माण तालुक्यातल्या घरी शेळ्यांना पाणी पाजताना छातीत कळ आली आणि संपलं. मी ते ओळखपत्र उगाच टेबलाच्या खणात सरकवलं, कुणी बघू नये म्हणून.

साताऱ्यातल्या एका कारखान्यात मी हजेरीखात्यात बसते. पॅकिंगच्या बायका कंत्राटदाराच्या, आणि खरं सांगायचं तर मीही त्याचीच. दर अकरा महिन्यांनी बायकांना आठ दिवस घरी बसवायचं आणि नवव्या दिवशी नव्या तारखेचं ओळखपत्र द्यायचं, अशी आमच्याकडची पद्धत. जुनं जमा केलं की नवं मिळायचं, वर साबणाच्या दोन वड्या. जमा झालेली ओळखपत्रं कात्रीने कापायचं काम माझं. कागदावर प्रत्येक बाई कायम नवीनच! मला त्यात वावगं वाटलं नाही. सगळे करतात तसं मी करत होते.

छबूताई मात्र दर वर्षी हात हलवत यायची. "हरवलं बाई!" मग साबण नाही, वर पन्नास रुपये दंड. मी चिडायचे. "छबूताई, डोकं तरी ठिकाणावर असतं का तुमचं?" "हाय की. त्येला दोरी लावाया लागत न्हाई," असं म्हणून ती फडक्यात बांधून आणलेले हुलगे माझ्यापुढे ठेवायची. "माडगं करून प्या. अंगात रग न्हाई तुमच्या." नऊ वर्षं हे असंच चाललं. मी तिला वेंधळी म्हणत राहिले आणि ती हसत दंड भरत राहिली.

माझ्या खिडकीशेजारी फलकावर कामगार कायद्यांची मराठी माहिती लावलेली असते. लावायचीच असते, म्हणून मीच चिकटवली होती. वाचली कधीच नव्हती. चौथी शिकलेली छबूताई मात्र रांगेत उभी असताना त्यावर बोट फिरवत एकेक अक्षर लावायची. एकदा तिने विचारलं, "आवं म्याडम, ग्रॅच्युइटीला नोकरी सलग लागती. मग आमची तोडत्यात ती कशापायी?" मी म्हटलं, "रांग पुढे सरकवा." माझे हे तीन शब्द आता जेवताना आठवतात.

दिवसकार्य झाल्यावर मी तिच्या घरी गेले. रेश्माने ग्रॅच्युइटीसाठी अर्ज केला होता. नोकरीत असताना माणूस गेलं तर सलग पाच वर्षांच्या नोकरीची अटही नसते. पण कंत्राटदाराने लिहून दिलं, की बाई अकरा महिने कामाला होती आणि वारली तेव्हा नोकरीत नव्हती. त्या आठ दिवसांत गेली ना! रेश्माची परिचारिकेच्या शिक्षणाची दोन वर्षं अजून बाकी आहेत आणि घरात मिळवतं दुसरं कुणी नाही. तिने पत्र्याचा डबा माझ्यापुढे उघडला. आत नऊ ओळखपत्रं होती, दोऱ्या गुंडाळून नीट ठेवलेली. पहिल्या फोटोत केस काळेभोर, शेवटच्यात कपाळापर्यंत पांढरे. एकही हरवलं नव्हतं. मला रडू आलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण प्रत्येकाच्या मागे एकच सही होती.

"मावशी, ही सही कुनाची हाय? कंत्राटदार म्हनतोय, ही कार्डं खोटी हायती."

मी चहाचा कप उचलला. "बघते," म्हणाले. लाज वाटते लिहायला, पण तेवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने मला बोलावलं. "मॅडम, आठवत नाही म्हणायचं. बाकी तुमचं तुम्हाला कळतं." कळतं ना. सासूबाईंची औषधं आहेत, मुलाची फी आहे, आणि माझंही ओळखपत्र अकरा महिन्यांचंच आहे. रात्र रात्र झोप नाही. पहाटे उठून मी माझी जुनी ओळखपत्रं शोधली. कुठून असणार? साबणाच्या वड्या घेऊन मीच ती कापली होती.

त्या दिवशी तिच्या घरून निघताना रेश्माने डब्यातलं पहिलं ओळखपत्र माझ्याकडे दिलं होतं, "ओळख पटवाया लागंल" म्हणून. ते माझ्या पर्समध्ये आहे. भाजी घेताना, बसमध्ये, हात सारखा तिकडे जातो. हरवलं तर... सोमवारी कामगार कार्यालयात तारीख आहे. तिथे साहेब ते उलटं करून रेश्माचाच प्रश्न विचारतील. आयत्या वेळी माझा आवाज फुटला नाही तर काय, या धास्तीने उत्तर आधीच इथे, चारचौघांसमोर लिहून ठेवते.

सही माझी आहे. नऊच्या नऊ.