होडीचा चौथा बोल्ट

रविवार, ८ डिसेंबर. नांदेड, विष्णुपुरी धरणाच्या काठचं शेत. हजर: मी आणि शेताचे राखणदार मामा. गैरहजर: माझा धाकटा भाऊ.

होडी त्याची. नौदलातून निवृत्त झाल्यावर कोकणातून जुनी घेऊन ट्रकनं इथे आणली. एका शिडाची, दोन माणसं बसतील एवढी. लातूरच्या घरात सगळे हसले. मी वही काढून दुरुस्तीची यादी केली.

शिडाची दोरी अडकवायला होडीवर दोन शिंगांचा एक खुंटा असतो. गेल्या वर्षी तो बसवताना आमचा वाद झाला.

"अक्का, नुसता वरनं स्क्रू चालत न्हाई. आरपार बोल्ट अन् खालून पट्टी पायजे."

औशाच्या शेडवरचे पत्रे मी स्वतः उभी राहून बसवून घेतलेले. मी म्हणाले, "स्क्रूखाली डांबरी वायसर घालून पिळलं की बास. एवढ्या वावटळी आल्या, आपला पत्रा उडाला का?"

"पत्र्याला कुणी दोरी बांधून ओढत न्हाई."

"लई शिकवून राहिला. पिळ."

थोरल्या बहिणीचं ऐकायचं म्हणून त्यानं पिळलं.

पहिल्याच जोरदार वाऱ्यात खुंटा स्क्रूंसकट उपटून आला. दोरीला रेलून बसलेला भाऊ पाण्यात गेला. जाताना खांदा काठावर आपटला. तेव्हापासून तो पुण्याला मुलीकडे आहे. मला एका शब्दानं बोलला नाही. फोनवर जेवलीस का विचारतो, होडीचं नाव काढत नाही. त्याचं बोलणं मला चाललं असतं.

चूक कुठे झाली ते खुंट्याखालची जागा उकरल्यावर कळलं. पत्र्याला भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडतात, पाणी वाहून जातं. होडीचा माथा, म्हणजे वरची फळी, सपाट. पाणी स्क्रूपाशी मुरलं आणि आतलं लाकूड चहात बुडवलेल्या टोस्टासारखं झालं. मी ते खरवडलं, तीन रविवार उन्हात वाळवलं, भोकांत एपॉक्सी भरली, ती घट्ट झाल्यावर मधोमध नवी भोकं पाडली. खालची पट्टी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून कापून आणली.

आज बोल्ट. हे काम दोघांचं. एकानं वर पेचकस फिरवायचा, दुसऱ्यानं खाली आडवं होऊन नट धरायचा. मी खाली नटाला पक्कड अडकवायचे, वर येऊन पिळायचे, परत खाली जाऊन बघायचे. तीन झाले. चौथा कोपऱ्यात, तिथे पक्कड टिकेना.

बांधावर बसलेले मामा म्हणाले, "बाई, मी धरू का? दोन मिनटाचं काम हाय."

"राहू द्या मामा."

"गुडघे जातील खालीवर करून."

"जाऊ द्या."

मी भावाला फोन लावला. "तीन बोल्ट बसले. खालून पट्टी लावलीय."

तो म्हणाला, "वायसर?"

"स्टीलचे. मोठे."

"डांबरी न्हाईत ना?"

वर्षभरात पहिल्यांदा त्यानं टोमणा मारला. मी हसले, तो हसला का, कळलं नाही.

"चौथा राहिलाय," मी म्हणाले. "खाली धरायला कुणीतरी लागतं."

"मामा हायेत की."

"त्यांना जमत न्हाई."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. फोनवर तो बघू म्हणाला, की नुसता खाकरला, कोण जाणे.

वहीत लिहिलं: चौथा बोल्ट, डावीकडचा मागचा. आवळायचा आहे. माणसं दोन.